हार्ट अटॅकनंतर ईएफ ५२: बाई आणि पुरुष, दोघांत अर्थ एकच का?

ठोका_७२ (प्रश्न):
अँजिओप्लास्टीनंतर तिसऱ्या दिवशी केलेले दोन इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्ट शेजारी ठेवून वाचतोय. दोघेही साठीचे, दोघांनाही पुढच्या भिंतीचा अटॅक, ईएफ (डाव्या खालच्या कप्प्यातल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर पडणारे टक्के) दोघांचाही ५२. पुरुषाच्या रिपोर्टवर 'नॉर्मल', बाईंच्या रिपोर्टवर 'किंचित कमी'. आणि जिना चढताना धाप लागते ती बाईंनाच. फरक नेमका कुठे शोधायचा?

इकोखोली:
रिपोर्ट दोन्ही बरोबर आहेत. २०१५ च्या अमेरिकन-युरोपियन इको शिफारशींत नॉर्मल ईएफ पुरुषांत ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ टक्के धरलाय. पण त्या दोन टक्क्यांवर फार अडू नका. तोच इको दोन वेगळ्या तपासणाऱ्यांनी मोजला तरी पाचेक टक्के इकडेतिकडे सहज होतात.

ईएफ हे नुसतं गुणोत्तर आहे, खरी गंमत मिलिलिटरमध्ये दिसते. समजा पुरुषाचा डावा खालचा कप्पा भरल्यावर १४० मिली आणि आकुंचनानंतर ६७. म्हणजे दर ठोक्याला ७३ मिली बाहेर. बाईंचा कप्पा मुळात लहान: ९० भरतो, ४३ उरतात, ४७ बाहेर. ईएफ दोन्हीकडे ५२! बाईंचं शरीरही लहान, म्हणून शरीराच्या क्षेत्रफळाने भागा. १.९ आणि १.५ चौरस मीटर धरले तर ३८ आणि ३१ मिली प्रति चौरस मीटर. ३५ च्या खालचा आकडा कमी मानतात.

उलटी चूकही होते. १२० मिलीचा कप्पा पुरुषात नॉर्मल (मर्यादा १५०), स्त्रीत तो फुगलेला (मर्यादा १०६). रिपोर्टात 'कप्पा नॉर्मल' लिहिलं असेल तर मिली विचाराच.

मंदगती:
धापेचं उत्तर बहुधा आकुंचनात नाही, शिथिल होण्यात आहे. अटॅकनंतर पुरुषाचं हृदय जास्त करून पसरतं. स्त्रियांत कप्पा लहान राहून भिंत ताठर होणं जास्त दिसतं, विशेषतः पाळी गेल्यानंतर, जोडीला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर. ईएफ चांगला असूनही हार्ट फेल्युअर, हा प्रकार स्त्रियांत जास्त, त्यामागे हेही एक कारण मानतात.

रिपोर्टात तीन आकडे बघा: ई बाय ई-प्राइम (कप्प्यात रक्त भरण्याचा वेग भागिले भिंत शिथिल होण्याचा वेग, दोन बाजूंची सरासरी) १४ च्या वर, टीआर व्हेलॉसिटी (उजवीकडच्या झडपेतून उलट्या गळणाऱ्या रक्ताचा वेग) २.८ मीटर प्रतिसेकंदाच्या वर, डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान ३४ मिली प्रति चौरस मीटरच्या वर. ई/ए (कप्पा भरतानाच्या पहिल्या आणि शेवटच्या लाटेच्या वेगांचं गुणोत्तर) ०.८ ते २ च्या मधे असून यांतले दोन वाढलेले असतील तर हृदयाच्या आतला दाब वाढलाय असं २०१६ च्या शिफारशींत धरलंय. पुढच्या भिंतीच्या अटॅकमध्ये मधला पडदाही दुखावलेला असतो, त्यामुळे पडद्याकडचा ई-प्राइम आपोआपच पडतो. म्हणून सरासरीच घ्यायची. विश्रांतीत सगळं ठीक दिसलं तर व्यायामानंतरचा इको.

आणि टिकाग्रेलॉर (गुठळी होऊ नये म्हणून स्टेंटनंतर देतात ती गोळी) चालू आहे का? त्या गोळीनेही धाप लागते. मात्र स्वतःहून बंद करायची नाही, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. डॉक्टर गोळी बदलून देतात. हिमोग्लोबिनही तपासा.

इकोखोली:
प्रोबबद्दल (इको करताना छातीवर टेकवतात ते उपकरण) राहिलंच. स्त्रियांत प्रोब स्तनाच्या वर ठेवला तर चित्रातून हृदयाचं टोक कापलं जातं, कप्पा आखूड दिसतो आणि ईएफ खोटाच चांगला येतो. पुढच्या भिंतीच्या अटॅकमध्ये इजा नेमकी त्या टोकाशीच असते. स्तन उचलून प्रोब त्याच्या खालून, गरज पडली तर एक फासळी खाली. चार कप्प्यांच्या आणि दोन कप्प्यांच्या दृश्यात लांबी जवळपास सारखी आली पाहिजे. भिंतीचे लागून असलेले दोन भाग नीट दिसत नसतील तर कॉन्ट्रास्ट (कप्प्याची कड उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध).

ठोका_७२:
मग तिसऱ्या दिवसाच्या आकड्यावर किती विसंबायचं?

मंदगती:
फार नाही. रक्तपुरवठा परतला तरी स्नायू काही दिवस ते आठवडे सुन्न राहतो. ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा इको करा, शक्यतो त्याच मशीनवर, आणि ईएफसोबत मिली आणि स्ट्रेन (स्नायू किती टक्के आखडतो तो आकडा) दोन्ही लिहून मागा. तोवर बाईंना कार्डियाक रिहॅबची (देखरेखीखालच्या व्यायामाची) चिठ्ठी मिळाली आहे का ते बघा. ती स्त्रियांना कमी वेळा दिली जाते, आणि धापेला रिहॅबचा उपयोग होतो.