चावीचं घड्याळ आणि खारा वारा

'अचूक वेळ हेच यांत्रिक घड्याळाचं वैशिष्ट्य' असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. वेळ तर शे-दोनशेचं सेलवालं घड्याळही जास्त नेमकी दाखवतं. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. बाबांच्या एचएमटी जनता या चावीच्या मनगटी घड्याळाचे ठोके सेकंदाला जेमतेम पाच. खरी गंमत ते उघडून दुरुस्त करता येतं यात आहे.

आम्ही रत्नागिरीचे, घर खाडीला लागून. मागच्या पावसाळ्यात ते घड्याळ बंद पडलं. मला वाटलं स्प्रिंग तुटली. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण काढलं आणि म्हणाले, "मशीन ठणठणीत आहे, चावीची दांडी तेवढी गंजलीय." दमट खारी हवा बहुतेक वेळा चावीच्या भोकातूनच आत शिरते म्हणे, तिथलं रबर झिजलं की वाट मोकळी. (बाबा मासळी निवडता निवडता ओल्या हातानेच चावी द्यायचे, हे मी घड्याळजींना सांगितलं नाही.) एका मोडीतल्या घड्याळाची दांडी बसवली, साफसफाई, तेल, नवं रबर. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ते रबर मृगाच्या आधी बघून घ्यावं.