मसाले दिसले की गामाच का?

या चित्रकोड्यात प्रत्येक चित्र कुणाचं किंवा कशाचं ते ओळखायचंय. चौथ्या चित्रातलं गलबत, पृथ्वीचा गोल आणि लवंगा बघून वरच्या उत्तरांत बहुतेकांनी 'वास्को द गामा' लिहिलंय. मला मात्र हा स्पेनचा दर्यावर्दी एल्कानो वाटतो. त्या मोहिमेचा प्रमुख मॅगेलन १५१९ मध्ये स्पेनहून पाच जहाजं घेऊन निघाला खरा, पण १५२१ मध्ये फिलिपिन्समधल्या मक्तान बेटावर मारला गेला. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १५२२ मध्ये स्पेनला पोचलं ते एकटं 'व्हिक्टोरिया', तेही जेमतेम १८ माणसं आणि पोटात लवंगा घेऊन. कप्तान होता एल्कानो. राजाने त्याला दिलेल्या मानचिन्हात दालचिनीच्या दोन काड्या, तीन जायफळं, बारा लवंगा आणि वर पृथ्वीगोल आहे. गोलावर लॅटिनमध्ये लिहिलंय, 'मला पहिली प्रदक्षिणा तू घातलीस'. चित्र मोठं करून लवंगा मोजल्या. बाराच भरल्या!

सहाव्यातलं घड्याळ बघून मी आधी टायटॅनिक म्हणणार होतो. पण खिशातल्या घड्याळाच्या मानाने ते फारच थोराड आहे, म्हणजे इंग्रज घड्याळजी हॅरिसनचं 'एच-४' हे घड्याळ असणार. साधारण १३ सेंटिमीटर व्यासाचं, समुद्रावर रेखांश काढण्यासाठी केलेलं.

दुसऱ्यात ते आंब्याच्या आकाराचं काय आहे, कुणी सांगेल का?