‘नॉइज’ला मराठीत काय म्हणावं: गोंगाट की अडथळा?

गोदाकाठ: संज्ञापनाच्या (कम्युनिकेशनच्या) प्राथमिक पाठाचं भाषांतर चालू आहे. संदेश कसा पोचतो हे दाखवणाऱ्या, अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅननच्या १९४८च्या आकृतीत स्रोत, प्रेषक, वाहिनी, ग्राहक अशी साखळी आहे आणि वाहिनीत बाहेरून शिरतो तो ‘नॉइज’. मसुद्यात ‘गोंगाट’ होतं, तपासणीत खोडून ‘अडथळा’ झालं. पण पुढच्याच प्रकरणात ‘बॅरियर’लाही अडथळाच वापरलाय. आता काय करावं?

सराफबाजार: अडथळाच ठेवा. गोंगाटाला आवाज लागतो. पेपरात शाई पसरून १ चा ९ वाचला गेला, तर त्याला गोंगाट कोण म्हणेल?

मेरी रोड: अडथळा वाट अडवतो. नॉइज काही अडवत नाही, संदेशात मिसळतो, दुधात पाणी मिसळावं तसा. म्हणून ‘भेसळ’ जवळचा. शब्द चुकला की उपायही चुकतो. अडथळा असेल तर हटवायचा. भेसळ हटत नाही, तिथे संदेशच दणकट करावा लागतो. नाशिकला रामकुंडाच्या घाटावर गर्दीत सूचना देताना ‘एकोणसाठ’ म्हणू नये, ‘पाच, नऊ’ म्हणावं, कारण एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांचा फक्त शेवट वेगळा आणि गर्दीत नेमका तोच बुडतो. आधी ठिकाण, मग सूचना, मग सगळं पुन्हा एकदा. निबंधात पुनरुक्ती दोष असेल, इथे तीच तारते.

तपोवन: घाटावर वेगळीच अडचण असते. दोन कर्णे ५० मीटर अंतरावर असले, तर एकाखाली उभ्या माणसाला दुसऱ्याचा आवाज जवळपास एक सप्तमांश सेकंद उशिरा पोचतो. शब्दावर शब्द चढतो. आवाज वाढवला की आणखी बिघडतं. त्यापेक्षा कमी आवाजाचे जास्त कर्णे जवळजवळ लावावेत. लांबच लावायचे असतील, तर सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला ठेवून पुढच्याला तेवढा विलंब द्यावा. यात बाहेरचं काय मिसळलं? सूचनाच सूचनेला खाते.

मेरी रोड: तो नॉइज नव्हेच. दरवेळी एकाच ठरावीक रीतीने बिघडतं त्याला शॅनन ‘डिस्टॉर्शन’ म्हणतो. ‘विरूपण’ म्हणा. रीत कळली की बहुतेकदा ते उलटं फिरवून सुधारता येतं. नॉइजचा नेम नसतो.

सराफबाजार: भेसळ कोणीतरी मुद्दाम करतं. वीज कडाडली की एएम रेडिओवर येणारी खरखर कोण मुद्दाम घालतं? आणि मुळात ‘संज्ञापन’ तरी कशाला? वैदिक यज्ञात ‘संज्ञपन’ म्हणजे पशूला गुदमरवून मारणं!

सातपूर: ‘ज्ञा’ धातूचं प्रयोजक रूप आहे ते. जाणवून देणं, संमत करणं. यज्ञात मारणं म्हणायचं टाळून हा सौम्य शब्द वापरला. पुण्याच्या विद्यापीठात विभागाच्या नावातच ‘संज्ञापन’ आहे, शब्द रुळलाय. पर्याय तरी कोणता? ‘संवादा’ला दोन बाजू लागतात, सूचनाफलक संवाद करत नाही. ‘दळणवळण’ म्हटलं की रस्ते, रेल्वे आली. हिंदीतला ‘संचार’ घेतला, तर मराठी कानाला आधी संचारबंदी ऐकू येते.

गोदाकाठ: मूळ प्रश्नाकडे येऊ. धड्यात उदाहरण आहे: ‘गंगापूर धरणातून १०,००० क्युसेक विसर्ग’. रेडिओवर स्वच्छ ऐकू येतं, पण क्युसेक म्हणजे किती हे कळत नाही. हाही नॉइजच का?

मेरी रोड: शॅननचा सहलेखक वॉरन वीव्हरने १९४९ साली ‘अर्थाचा नॉइज’ असा भाग सुचवला, तेव्हापासून पाठ्यपुस्तकं सगळंच त्यात कोंबतात. मला ते पटत नाही. संदेश अखंड पोचला, संकेत, म्हणजे शब्दाचा ठरलेला अर्थ, सामाईक नव्हता. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, तेव्हा १०,००० म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. एवढं सांगूनही पाणी कुठवर येईल ते कळत नाहीच. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून लोक पूर मापतात; ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी’ म्हटलं की अख्ख्या नाशिकला कळतं.

तपोवन: पण मारुती पाणी आल्यावर सांगतो. आकडा आधी सांगतो, दुकान आवरायला वेळ मिळतो. दोन्ही हवेत.

सराफबाजार: आणि ‘विसर्ग’ का? शाळेतले दोन टिंब आठवतात. ‘पाणी सोडलं’ म्हणा.

मेरी रोड: धरणापुरतं चालेल. शहरातल्या होळकर पुलाखालचा विसर्गही कळवतात. त्यात धरणाखालच्या नाल्यांचं, पावसाचं पाणी मिळालेलं असतं. ते कोणी सोडलेलं नसतं.

सराफबाजार: मग ‘वाहतंय’ म्हणा.