दुसरीच्या हातच्याच्या वजाबाकीत घोळ, मदत हवी आहे

नमस्कार, सातारा शहरात राहतो, मुलगा दुसरीला, मराठी माध्यम. सध्या शाळेत हातच्याची वजाबाकी चालू आहे आणि घरात रोज महाभारत.

शाळेत दशक सुटा करायला शिकवलंय, म्हणजे ५२ - २७ मधे वरच्या ५ चे ४ करायचे आणि २ चे १२. आम्ही दोघं नोकरीला त्यामुळे अभ्यास आजोबा घेतात, त्यांची जुनी पद्धत अशी की वरती १२ करायचे पण ५ तसाच ठेवून खालच्या २ चे ३ करायचे. दोन्हीकडून उत्तर २५च येतं, पण आमचं पोरगं दोन्ही एकदम करतं, वर ४ खाली ३, आणि १५ लिहून मोकळं!

आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून झाले, दहाची नोट मोडून सुट्टे देऊन झालं. तेव्हा बरोबर सांगतो, वहीवर आला की परत तेच. बेरीज पक्की आहे, बिनहातच्याची वजाबाकीपण चुकत नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या सरावाने येईल. (५२ ला पुस्तकात बावन्नसोबत पन्नास दोन पण आहे, त्यावरून आजोबा आधीच लै तापलेत, तो विषय नको.)

ट्यूशन लावायची नाही, मोबाईल ॲप पण नको. आजोबांना शाळेची पद्धत शिकवायची, का महिनाभर वजाबाकी फक्त आम्हीच रात्री घ्यायची? आणि काड्यांवरून वहीवर येताना मधे नेमकं काय करून घेता तुम्ही?