प्रतिसाद: बेलच्या जुन्या वायरीवर 60 मीटरवरचा पंप

प्रश्न असा: बेलच्या जुन्या वायरीवरून 60 मीटरवरचा पंप चालू-बंद करता येईल का? त्यासाठी वायर जाड हवी, असं एका उत्तरात म्हटलंय. पण या वायरीतून पंपाचा करंट जाणारच नाहीये, जाणार फक्त रिलेच्या (थोड्या करंटवर चालणारा विजेचा स्विच) कॉइलचा. 0.5 मिमी व्यासाची तांब्याची तार मीटरला सुमारे 0.088 ओहम. जाऊन-येऊन 120 मीटर, म्हणजे साधारण 10.5 ओहम. 12 व्होल्ट डीसी, 400 ओहमची कॉइल 30 मिलिअँपिअर घेते; ड्रॉप, म्हणजे वायरीतच खर्च होणारं व्होल्टेज, जेमतेम 0.3 व्होल्ट.

आधी पलीकडची टोकं पिळून जोडा आणि अलीकडे मल्टिमीटर ओहमवर लावा. 10-11 ऐवजी 25 दिसलं, वायर हलवली की आकडा नाचला, तर कुठेतरी जॉइंट गंजून हिरवा पडलाय. टोकं सोडल्यावर रीडिंग ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, यायला हवं.

पंपाकडे हा रिले कॉन्टॅक्टरची (पंपाचा मोठा करंट चालू-बंद करणारा जाड स्विच) कॉइल चालवेल. कॉन्टॅक्टरला मेन्स (मुख्य वीजपुरवठा) तिथलाच, वेगळ्या डब्यात. या वायरीत मेन्स कधीच घालू नका, तिचं इन्सुलेशन त्यासाठी नसतं. रिलेच्या कॉइलवर 1एन4007 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) उलटा लावा, पट्टीची बाजू प्लसला. बेलचा ट्रान्सफॉर्मर मात्र काढाच: तो एसी देतो, रिले घरघरतो आणि हाच डायोड अर्ध्या सायकलला शॉर्ट होतो.