साया द माल्हा: दुर्गम सागरी पठारावरील कर्बसाठा कसा मोजावा?

प्रश्न (सागरविद्यार्थिनी)

मॉरिशस आणि सेशेल्स यांच्या दरम्यान असलेले साया द माल्हा हे बुडालेले पठार सुमारे 40,000 चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढे आहे. तेथे प्रवाळ आहेत आणि समुद्री गवताची विस्तीर्ण कुरणेही आहेत. अनेक लेखांत या साऱ्या पठारालाच कर्बाचे (कार्बनचे) कोठार म्हटलेले आढळते. प्रवाळाच्या सांगाड्यातही कर्ब असतो, तेव्हा तोही साठ्यात धरावा काय? जैवविविधतेची पाहणी आणि कर्बाचे मोजमाप एकाच मोहिमेत साधते काय?

उत्तर (गाळ-अभ्यासक)

सांगाड्यातील कर्ब हवामानाच्या हिशेबात जमेस धरू नये. प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेट घडवतात, तेव्हा पाण्यात विरघळलेल्या दोन बायकार्बोनेट आयनांपैकी एकाचा कर्ब सांगाड्यात बसतो आणि दुसऱ्यापासून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. समुद्राच्या पाण्यातील रासायनिक संतुलनामुळे कार्बोनेटच्या प्रत्येक रेणूमागे त्याचे सुमारे 0.6 रेणू मुक्त होतात. खरा साठा असतो तो गवताच्या मुळांखाली, प्राणवायूविरहित गाळात अडकलेल्या सेंद्रिय कर्बाचा.

अडचण अशी, की तेथील गाळात प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा मोठ्या प्रमाणात असतो. असा नमुना केवळ जाळून वजनातील घट मोजली, तर सेंद्रिय कर्बाचा आकडा फुगू शकतो. म्हणून आधी आम्लाने कार्बोनेट काढून टाकावे लागते. पुढे कर्बाच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या कर्ब-अणूंच्या प्रमाणावरून) तो गवताचा की पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्लवकांचा, याचा अंदाज बांधता येतो. गेल्या शंभर-दीडशे वर्षांत गाळ किती वेगाने साचला, हे शिसे-210 या शिशाच्या किरणोत्सारी रूपावरून कळते. एवढे हाती येण्यापूर्वी पठाराच्या क्षेत्रफळाला दुसऱ्या किनाऱ्यावरील सरासरीने गुणणे मला मुळीच मान्य नाही. सगळे पठार गवताने झाकलेले नाही, आणि खोल भागांतील गवत उपग्रहाला दिसत नसल्याने तेथे कॅमेरेच उतरवावे लागतात.

(ज्या रियुनियन तप्तबिंदूने, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येणाऱ्या स्थानाने, 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा कातळ रचला, त्याच्याच पुढील उद्रेकांवर हे पठार उभे आहे. मराठी विद्यार्थ्यांनी त्याकडे वळावे, याचा मला मनापासून आनंद होतो.)

उत्तर (प्रवाळप्रेमी)

दोन्ही कामे एकत्र होऊ शकतात, आणि व्हायलाच हवीत. 2022 मध्ये मोनॅकोच्या पुढाकाराने ‘एस. ए. अगुल्हास 2’ या जहाजावरून गेलेली मोहीम बहुशाखीयच होती. साठा टिकणार की नाही, हे चरणाऱ्या जिवांवरही अवलंबून असते. लक्षद्वीपमधील अगत्तीच्या खाजणात हिरव्या कासवांची दाटी झाल्यावर त्यांनी गवताची कुरणे अतोनात चरून विरळ केली आणि तेथील मासेही घटले. संरक्षित कासवानेच असे करावे, हे ऐकायला क्लेशदायक वाटते. परंतु शार्क, कासवे आणि मासे यांची गणना वगळून केलेला कर्बाचा अंदाज मला अपुराच वाटतो.

उत्तर (सागरी कायदा)

परवानगीचाही विचार करावा. 2012 च्या करारांनुसार येथील सागरतळाचे व्यवस्थापन मॉरिशस आणि सेशेल्स संयुक्तपणे करतात, मात्र त्यावरील पाणी हा खुला समुद्र, म्हणजे कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेरचा भाग आहे. त्यामुळे गवत आणि गाळ यांचे नमुने घेण्यास या दोन देशांच्या संयुक्त यंत्रणेची संमती लागते, तर वरच्या पाण्यातील जैवविविधतेला 17 जानेवारी 2026 पासून अमलात आलेला खुल्या समुद्राचा करार लागू होतो. प्रकल्पाच्या आराखड्यात तळाचे आणि पाण्याचे नमुने वेगवेगळे दाखवावेत, म्हणजे अर्ज कोणाकडे करायचा हे स्पष्ट होईल.