मदत हवी आहे: मेक्सिकन सॅलड मंगळवारपर्यंत पाणचट होतं

नमस्कार मंडळी,
आम्ही ह्यूस्टनला राहतो. दोघंही नोकरीवाले, घरी पोचायला सात वाजतात आणि लेकीला तेव्हा कडकडून भूक लागलेली असते. म्हणून रविवारीच पातेलंभर मेक्सिकन पद्धतीचं किनवा (quinoa, राजगिऱ्यासारखं बारीक दाण्याचं धान्य) सॅलड करून ठेवते.

१ वाटी किनवा चांगला चोळून धुते, नाहीतर कडवट लागतो. २ वाट्या पाण्यात १५ मिनिटं झाकून शिजवते. त्यात डब्यातले ब्लॅक बीन्स, टोमॅटो, कांदा, हालापेन्यो (मेक्सिकन हिरवी मिरची), भरपूर कोथिंबीर आणि मक्याचे दाणे. दाणे बिडाच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजते. तो खरपूस वास आला की लेक ओट्याशी येऊन उभी राहते! वरून लिंबाचा रस, ऑलिव्ह ऑइल, जिरेपूड.

पहिल्या दिवशी फार सुंदर लागतं. मंगळवारी मात्र तळाशी पाणी सुटलेलं असतं, किनवा गिचका होतो आणि कांद्याचा उग्र वास येतो. टोमॅटो आणि लिंबू आयत्या वेळी घालावं का? की किनवा शिजल्यावर ताटात पसरून पूर्ण गार करायला हवा? मी कोमटच मिसळते, तिथेच चुकत असेल का?

आणखी एक. किनव्याऐवजी अख्खी ज्वारी कुणी वापरली आहे का? रात्रभर भिजवून कुकरला किती शिट्ट्या कराव्या, म्हणजे दाणा मऊ होईल पण फुटणार नाही? राजगिरा तर मूळचा मेक्सिकोकडचाच, पण शिजवला की चिकट होतो, म्हणून तो नको वाटतो.

या रविवारी करायचं आहे. अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.